शेवटावर हक्क कोणाचा?

१९६७ साली माँट्रियलला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात, चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात एक छोटं चित्रपटगृह होतं. खुर्च्या १२७. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक लाल आणि एक हिरवं. चित्रपट सुरू व्हायचा तो थेट आगीने. एक इमारत धडधडून पेटलेली, आणि नोवाक नावाचे एक गृहस्थ सांगताहेत की हे सगळं बहुधा माझ्यामुळेच झालं. मग गोष्ट मागे जायची. नोवाकांची बायको घरी यायची वेळ झालेली, आणि नेमकी तेव्हाच शेजारची बाई अंगाला नुसता टॉवेल गुंडाळून दाराशी उभी, कारण तिच्या घराचं दार मागच्या मागे लागून गेलेलं. तिला आत घ्यायचं की नाही? इथे चित्रपट थांबायचा. नोवाकांची भूमिका करणारे नट मिरोस्लाव्ह होर्निचेक स्वतः पडद्यापुढे येऊन उभे राहायचे, प्रेक्षकांशी बोलायचे आणि मतदान घ्यायचे. बहुमत ज्या बाजूला, तिकडे गोष्ट वळायची.

या प्रयोगाचं नाव किनोऑटोमॅट. कल्पना रादुझ चिन्चेरा यांची. प्रेक्षकाच्या कौलाने पुढे सरकणारा जगातला पहिला चित्रपट म्हणून आज त्याची नोंद आहे. आपण बटण दाबतो आणि पडद्यावरचा माणूस आपलं ऐकतो, हा अनुभव लोकांना सर्वस्वी नवा होता. पण खरी गंमत प्रोजेक्टरच्या खोलीत होती. तिथे दोन प्रोजेक्टर एकाच वेळी दोन फिती चालवत असायचे. कौल लागला की एका भिंगावर झाकण बसायचं आणि दुसऱ्यावरचं निघायचं. पुढच्या मतदानापर्यंत दोन्ही फिती पुन्हा एकाच प्रसंगाला येऊन मिळायच्या. बाईला आत घेतलं काय किंवा बाहेर ठेवलं काय, इमारत पेटायचीच.

याला फसवणूक म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. चिन्चेरा यांच्यापुढे सरळ गणित उभं होतं. दोनांतून एक अशी निवड दहा वेळा करायची म्हटली तर १,०२४ वाटा होतात, आणि त्या सगळ्या चित्रित करायला कोणत्याही देशाच्या दालनाकडे पैसा नसतो. समजा असला, तरी एका प्रेक्षकाला त्यातली एकच वाट दिसणार आणि बाकीच्या १,०२३ डब्यात राहणार. म्हणून त्यांनी वाटा पुन्हा एकत्र आणल्या. महत्त्वाचं म्हणजे शेवट त्यांनी लपवला नाही. आग पहिल्याच मिनिटाला दाखवली आणि मग विचारलं, आता सांगा, काय करू या?

व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला निवड किती द्यावी आणि लेखकाने गोष्ट आपल्या हातात किती ठेवावी, या वादाची सगळी मुळं त्या १२७ खुर्च्यांच्या खोलीत सापडतात. पण तो वाद खऱ्या अर्थाने लढला गेला तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, केंब्रिज नावाच्या गावात. आणि तोही चित्रांशिवाय, नुसत्या शब्दांत.

केंब्रिजमध्ये बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाची कंपनी होती. आजच्या इंटरनेटचं मूळ ज्या आर्पानेटमध्ये आहे, त्याची पहिली यंत्रणा या कंपनीने उभारली. विल क्राउदर तिथे प्रोग्रामर होते, आणि सुट्ट्यांत ते गुहांमध्ये उतरायचे. केंटकीतल्या प्रचंड भुयारी गुहांची मोजणी करणाऱ्या हौशी पथकांत ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया दोघेही असत. गुहेत फितीने घेतलेली मोजमापं घरी आणून संगणकावर नकाशे काढायचे, असा त्यांचा उद्योग होता. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली सिद्ध करणाऱ्या पथकात पॅट्रिशिया होत्या. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. क्राउदर यांचं त्या मंडळींबरोबर गुहांत जाणं थांबलं, आणि मुली त्यांच्याकडे यायच्या त्या सुट्टीपुरत्या. १९७५-७६च्या सुमारास मुलींना खेळायला म्हणून त्यांनी फोरट्रान भाषेत एक प्रोग्राम लिहिला. त्यात केंटकीतल्या कोलोसल गुहेचा बेडक्विल्ट नावाचा भाग जवळपास जसाच्या तसा होता, त्याच खोल्या आणि तीच वळणं. एक-दोन शब्दांत आज्ञा टंकायची, आणि समोर काय दिसतं ते संगणक लिहून सांगायचा.

या खेळाचं नाव 'ॲडव्हेंचर'. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत डॉन वूड्स या विद्यार्थ्याच्या तो हाती लागला. त्याला तो वाढवायचा होता, पण लेखकाचा पत्ता ठाऊक नव्हता. म्हणून त्याने आर्पानेटवरच्या झाडून सगळ्या संगणकांवर 'क्राउदर' या नावाने पत्र धाडलं आणि परवानगी मिळवली. १९७७ साली वूड्सची आवृत्ती पसरली. तिच्यात खजिने वाढले आणि गुण आले.

'ॲडव्हेंचर'मध्ये स्वातंत्र्य भरपूर होतं. उत्तरेला जा, मागे फिर, दिवा विझव, पक्षी पिंजऱ्यात घाल. कोणी अडवत नव्हतं. पण तिथे गोष्ट नव्हती. तुम्ही कोण, गुहेत का उतरलात, खजिना नेऊन काय करणार, हे त्या खेळाने कधी विचारलं नाही. माणूस एका जागेत मोकळा सोडलेला होता, एवढंच. मुलींना आपली आवडती गुहा दाखवायला निघालेल्या बापाला त्याहून जास्त काही नकोही होतं.

'ॲडव्हेंचर' एमआयटीला पोचला आणि तिथल्या काही तरुणांना वाटलं, आपण याहून चांगलं करू. मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग, टिम अँडरसन आणि ब्रूस डॅनियल्स यांनी 'झॉर्क' लिहिला. दोन शब्दांच्या जागी तो सबंध वाक्यं समजू लागला. १९७९ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी मिळून इन्फोकॉम ही कंपनी काढली. 'झॉर्क' घरगुती संगणकात मावत नव्हता, म्हणून त्याचे तुकडे केले. तेव्हा बाजारात ॲपल, टीआरएस-८०, अटारी, कमोडोर अशी एकमेकांशी न जुळणारी यंत्रं होती. प्रत्येकासाठी खेळ नव्याने लिहिण्याऐवजी त्यांनी एक काल्पनिक यंत्र रचलं, झेड-मशीन. खेळ त्या काल्पनिक यंत्रासाठी एकदाच लिहायचा, आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर त्याची नक्कल चालवायची. हे फार दूरदृष्टीचं काम होतं. त्यामुळेच ते खेळ आजही कुठल्याही यंत्रावर चालतात.

'झॉर्क'मध्येही गोष्ट जेमतेमच होती. शिवाय तिथलं स्वातंत्र्य दिसायला अफाट, पण असायला अरुंद. पडद्यावर तुम्ही काय वाटेल ते टंकू शकत होता, पण कुलपाला किल्ली एकच. ती सापडली नाही की माणूस आठवडेच्या आठवडे एका बंद दारापुढे बसायचा. अडलेल्या लोकांसाठी इन्फोकॉमने पुढे अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांच्या पुस्तिका विकल्या. सोबतच्या खास पेनाने रेघ ओढली की एक-एक इशारा उमटायचा. त्या पुस्तिका धडाधड खपल्या.

गोष्टीकडे पहिलं खरं पाऊल पडलं ते १९८२ साली, 'डेडलाइन'मध्ये. ब्लँक यांनी एक खुनाचं प्रकरण रचलं. मार्शल रॉबनर नावाचा उद्योगपती आतून कडी लावलेल्या ग्रंथालयात मेलेला सापडतो. तुम्ही तपास अधिकारी, हातात बारा तास. या घरातली माणसं तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत. त्यांचा त्यांचा दिवस चालू असतो. फोन येतात, टपाल येतं, कोणी बागेत जातं. तुम्ही चुकीच्या खोलीत असलात की महत्त्वाचं बोलणं तुमच्या मागे होऊन जातं. पोलिसी जबान्या आणि प्रयोगशाळेचे अहवाल डिस्कवर मावेनात, म्हणून ते कागदावर छापून खोक्यात घातले, आणि सोबत गोळ्यांची एक पुडीही. चुकीच्या माणसाला अटक केली तर खटल्याचं काय झालं तेही वाचायला मिळायचं. १९८३ साली न्यू यॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत एडवर्ड रॉथस्टीन यांनी 'डेडलाइन'वर लिहिलं. संगणकाच्या खेळाची दखल पुस्तकांच्या पानावर घेतली जाणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी इन्फोकॉममधून दोन खेळ बाहेर पडले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म त्या दोन खेळांत आहे.

पहिला 'प्लॅनेटफॉल'. लेखक स्टीव्ह मेरेत्झ्की. हे गृहस्थ एमआयटीत बांधकाम व्यवस्थापन शिकलेले, पुढे इन्फोकॉमचे खेळ तपासून चुका काढायच्या कामाला लागले आणि तिथून लेखक झाले. 'प्लॅनेटफॉल'चा नायक अवकाश दलातला सगळ्यात खालच्या दर्जाचा माणूस, जहाजाची फरशी पुसणारा. जहाज फुटतं, तो एका निर्मनुष्य ग्रहावर पडतो, आणि तिथे त्याला फ्लॉइड नावाचा एक यंत्रमानव सापडतो. फ्लॉइडचं मन पाच-सहा वर्षांच्या पोराचं. तुम्ही कोडं सोडवत असता आणि तो मागे चेंडू उडवत असतो, लपाछपी खेळू या म्हणून हट्ट धरतो, आपल्याच धक्क्याने आपटतो. तासन् तास तो तुमच्या मागे-मागे असतो. कोड्यांत त्याचा उपयोग फार होत नाही, पण सवय होते.

मग एक प्रयोगशाळा येते. आत बिघडलेले, हिंस्र जीव मोकळे सुटलेले आहेत. तुम्हाला लागणारं कार्ड आत पडलेलं काचेतून दिसतं. फ्लॉइड म्हणतो, मी जातो. आता इथे खेळ काय करतो ते बघा. तो पुढचं आपण होऊन सांगत नाही. पडद्यावर नुसती खूण लुकलुकत राहते. तुम्हाला टंकावं लागतं, दार उघड. फ्लॉइड आत धावतो. मग टंकावं लागतं, दार लाव. आतून आवाज येतात. तुम्ही थांबता. दारावर थाप पडते. पुन्हा दार उघड, तो कार्ड घेऊन कसाबसा बाहेर पडतो, पुन्हा दार लाव. आणि मग तो तुमच्या मांडीवर मरतो.

इथे निवड शून्य आहे. फ्लॉइडला वाचवायची वाट लेखकाने ठेवलेलीच नाही. कितीही वेळा खेळा, काहीही टंका, पुढे जायचं तर त्याने आत गेलंच पाहिजे. तरीही हा प्रसंग कादंबरीतल्या मृत्यूसारखा नाही, कारण दार तुम्ही उघडलेलं असतं आणि तो आत असताना ते तुम्हीच लावलेलं असतं. लोक रडले. संगणकाचा खेळ खेळताना आपण रडलो, हे पहिल्यांदाच कबूल करणारी एक पिढी फ्लॉइडचं नाव आजही काढते. खेळाच्या अखेरीस फ्लॉइड दुरुस्त होऊन परततो. मेरेत्झ्कींनी त्याला परत आणलं नसतं तरी चाललं असतं, असं मला वाटतं. पण ज्याच्या मांडीवर तो मेला त्याला कदाचित तसं वाटत नसेल.

गोष्ट एकरेषीय असणं आणि खेळाडूच्या हातून काही घडणं यांत वैर नाही, हे इतकं स्वच्छ त्याआधी कोणी दाखवलं नव्हतं. वाटा किती फुटतात हा मुद्दा दुय्यम ठरला. कृती कोणाच्या बोटांनी झाली, हा खरा मुद्दा होता.

दुसरा खेळ 'इन्फिडेल'. लेखक मायकेल बर्लिन, मूळचे विज्ञानकथांचे कादंबरीकार. पहिल्या नजरेला हा नेहमीचाच खजिन्याचा खेळ वाटतो. इजिप्तचं वाळवंट, पुरलेला पिरॅमिड, भिंतींवर चित्रलिपी. पण खोक्यातली रोजनिशी वाचली की नायक कसा आहे ते कळतं. त्याने आपल्या मालकाला अंधारात ठेवून ही मोहीम स्वतःच्या नावावर केलेली आहे. मजुरांना तो सणाच्या दिवशीही राबवतो. मजूर त्याच्या पेयात काहीतरी घालून त्याला गुंगवतात आणि सामानसुमान घेऊन निघून जातात. खेळ सुरू होतो तेव्हा तो ओसाड तळावर एकटा जागा होतो. इथून पुढे सगळं तुमच्यावर. तुम्ही वाळू उपसता, पिरॅमिडमध्ये शिरता, सापळे चुकवता, लिपी उलगडता, एक-एक कोडं पार करत शेवटच्या दालनात पोचता. राजाची शवपेटी उघडता. पूर्ण गुण मिळतात. आणि त्याच क्षणी सगळं कोसळतं, बाहेरची वाट बंद होते, आणि तुम्ही तिथे जिवंत गाडले जाता. खेळ संपला. दुसरा शेवट नाही.

लोक भडकले. घसघशीत पैसे मोजून घेतलेला खेळ, आठवडेच्या आठवडे घातलेली मेहनत, आणि बक्षीस म्हणून मरण? त्यांच्या मते करार साधा होता. कोडी सोडवली की जिंकायचं. बर्लिन यांनी तो करार मोडला होता. पण त्यांनी तो का मोडला हे बघितलं पाहिजे. तोवर बहुतेक खेळांत 'तुम्ही' म्हणजे खेळाडू स्वतः, नावागावाशिवायचा एक सद्भावी माणूस. इथे मात्र 'तुम्ही' म्हणजे दुसराच कोणी होता, हावरट आणि कृतघ्न, आणि त्याची हाव तुम्हाला तुमच्या हातांनी पूर्णत्वाला न्यायची होती. गुण वाढत होते ते त्या हावेचे. शोकांतिकेला यापेक्षा नेमका साचा सापडणं कठीण. नाटकातल्या नायकाचा ऱ्हास प्रेक्षक बघतो. इथे तो खेळाडूच घडवत होता, आणि प्रत्येक पायरीवर खूश होत होता.

मी या वादात बर्लिन यांच्या बाजूचा आहे. त्यांचं एक मात्र चुकलं. नायकाच्या वृत्तीचं चित्र त्यांनी बहुतेक खोक्यातल्या कागदांत ठेवलं. पिरॅमिडच्या आत गेल्यावर ती वृत्ती कुठे बोलत नाही. आत फक्त कोडी आहेत. ज्याने रोजनिशी चाळून बाजूला टाकली त्याला शेवट आभाळातून कोसळल्यासारखाच वाटणार. चिन्चेरा यांनी आग आधी दाखवली होती, बर्लिन यांनी ती कागदाच्या घडीत ठेवली.

१९८५ साली मेरेत्झ्कींनी आणखी एक धाडस केलं, 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग'. यात तुम्ही माणूस नाहीच. पेरी सिम म्हणून माणसासारखा वाढलेला, आणि आता आपण एक संगणक आहोत हे नुकतंच कळलेला, असा तुम्ही आहात. साउथ डकोटातल्या रॉकव्हिल या शहराची भविष्यातली प्रतिकृती तुमच्यात चालवली जाते. एका सिनेटरने मांडलेल्या राष्ट्रीय योजनेचा परिणाम पुढे काय होईल ते तुम्ही त्या शहरात हिंडून बघायचं आणि नोंदवायचं. आधी दहा वर्षांनंतरचं शहर, मग वीस, तीस, चाळीस, पन्नास. कोडी जवळपास नाहीत. तुम्ही रस्त्यांवरून चालता, वर्तमानपत्र वाचता, आपल्या घरी जाता. दर दशकाला शहर आणखी मोडलेलं, घर आणखी भेदरलेलं. तुम्ही काहीच बदलू शकत नाही, फक्त कुठे जायचं आणि काय बघायचं एवढं तुमच्या हाती. रेगन यांच्या काळातल्या अमेरिकेवर ती उघड टीका होती. पण खेळ फारसा खपला नाही. त्याला १२८ किलोबाइट स्मृती लागायची आणि तेव्हाच्या बऱ्याच घरांतल्या यंत्रांत तेवढी नव्हती, हेही एक कारण. ज्या वादळाची अपेक्षा असावी ते उठलंच नाही. मला इन्फोकॉमच्या सगळ्या खेळांत हा सर्वांत धीट वाटतो. पाहणं हीसुद्धा कृती असते आणि साक्षीदार होण्यातही जबाबदारी असते, हे त्याने कोड्यांशिवाय करून दाखवलं.

इन्फोकॉम मात्र बुडत होती. धंद्यासाठी म्हणून काढलेल्या 'कॉर्नरस्टोन' या डेटाबेस प्रोग्रामने कंपनीचा पैसा खाल्ला होता. १९८६ साली ॲक्टिव्हिजनने ती विकत घेतली आणि १९८९ साली केंब्रिजचं कार्यालय बंद केलं. लोकांना आता चित्रं हवी होती. चित्रांबरोबर जुनं गणित दामदुपटीने परत आलं, कारण शब्दांत एक जादा शेवट लिहायला एक दुपार पुरते, आणि चित्रांत त्याला महिने लागतात. १९८३ सालच्या 'ड्रॅगन्स लेअर'मध्ये डॉन ब्लुथ यांचं देखणं ॲनिमेशन लेझर डिस्कवरून चालायचं, पण खेळाडूला नेमक्या क्षणी नेमकी कळ हलवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. चुकला की मेला. एका बाजूला अशी आगगाडीच्या रुळावरची गोष्ट आणि दुसऱ्या बाजूला मोकळी रानं, अशी दोन टोकं पुढच्या वीस वर्षांत तयार झाली आणि त्यांच्या मधलं बरंच काही लोक विसरून गेले. लहान संस्थांना तर आजही सरळ गोष्टच परवडते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला 'राजी' हा खेळ असाच एका रेषेत चालतो. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी पुढेच जाते, आणि ते त्या गोष्टीला शोभतं.

त्या दोन टोकांच्या मधलं विसरलेलं कोणी आठवलं असेल तर केन लेव्हिन यांनी. बॉस्टनजवळच्या क्विन्सी इथल्या त्यांच्या संस्थेने २००७ साली 'बायोशॉक' काढला. समुद्राच्या तळाशी बुडत चाललेलं एक शहर. रेडिओवरचा एक आवाज तुम्हाला सौजन्याने विनंत्या करतो, इकडे जा, ते आण. खेळात सूचना पाळायच्याच असतात, म्हणून तुम्ही पाळता. अर्ध्याहून अधिक वाट चालून गेल्यावर कळतं की त्या विनंतीतले शब्द ही नायकाच्या मेंदूत पेरलेली कळ होती, ती दाबली की त्याला नाही म्हणता येतच नाही. मग शहराचा निर्माता अँड्र्यू रायन तेच शब्द स्वतः उच्चारतो आणि आपल्याच खुनाची आज्ञा देतो. त्या वेळी खेळ तुमच्या हातातून सगळं नियंत्रण काढून घेतो. एकरेषीय खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाने आजवर विनातक्रार जे केलं होतं, ते त्या क्षणी त्याला दिसतं.

आता २०१२. कॅनडातल्या एडमंटनची बायोवेअर ही संस्था 'मास इफेक्ट' या अवकाशत्रयीचा तिसरा आणि शेवटचा भाग घेऊन आली. पहिला भाग २००७चा, दुसरा २०१०चा. या मालिकेची खरी करामत एका फायलीत होती. पहिल्या भागात तुम्ही जे ठरवलं ते साठवून ठेवायचं आणि तीच फाइल दुसऱ्या भागात, मग तिसऱ्यात उघडायची. पहिल्या भागात व्हर्मायर नावाच्या ग्रहावर तुमचे दोन साथीदार एकाच वेळी अडकतात, केडन आणि ॲशली. एकालाच वाचवता येतं. ज्याला सोडलं तो पुढच्या दोन्ही खेळांत नसतो. पाच वर्षं लाखो लोकांनी आपापली फाइल जपली. माझ्या मोहिमेत ॲशली आहे, तुझ्यात केडन, म्हणजे आपल्या दोन गोष्टी वेगळ्या, असं लोक मनापासून मानत होते. प्रकाशनाआधी प्रमुख निर्माते केसी हडसन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की शेवट अ, ब, क अशा सरळ पर्यायांचा नसेल.

६ मार्चला खेळ आला. शेवटी नायक शेपर्ड जखमी अवस्थेत एका जागी पोचतो. लहान मुलाच्या रूपातली एक शक्ती त्याला सांगते, तुझ्यापुढे तीन मार्ग आहेत. शत्रूयंत्रांचा नाश कर, त्यांच्यावर ताबा मिळव, किंवा सजीव आणि यंत्र यांचा संयोग घडव. तिन्हींची दृश्यं जवळपास सारखीच, फरक मुख्यतः स्फोटाच्या रंगाचा. लाल, निळा, हिरवा.

जो संताप उसळला त्याला या क्षेत्रात तोड नव्हती. चाहत्यांनी चळवळ उभारली, आणि आपण नुसते आरडाओरडा करणारे नाही हे दाखवायला मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला ८० हजारांहून अधिक डॉलर गोळा करून दिले. एकाने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे फसवणुकीची तक्रार केली. काहींनी वर्गणी काढून बायोवेअरच्या कार्यालयात चारशेच्या आसपास कपकेक धाडले. वरचं क्रीम लाल, निळं, हिरवं, आणि आत चव एकच.

या रागाची तुलना 'इन्फिडेल'वरच्या रागाशी अनेकदा होते, आणि तिथे मला थांबावंसं वाटतं. 'इन्फिडेल'चे खेळाडू म्हणत होते, आम्हाला वाईट शेवट नको. 'मास इफेक्ट'चे बहुतेक खेळाडू तसं म्हणत नव्हते. शेपर्ड मरेल हे अनेकांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांची तक्रार अशी होती की पाच वर्षं जी फाइल आमच्या हातात दिलीत, ती शेवटच्या दहा मिनिटांत तुम्ही उघडलीच नाहीत. फ्लॉइडच्या दारापाशी लेखकाने सगळे पर्याय काढून घेतले होते, पण कृती खेळाडूकडे ठेवली होती. इथे पर्याय तीन दिले, आणि त्या खेळाडूने तोवर जे काही केलं होतं त्याचा त्यांतल्या एकाशीही जिवंत संबंध ठेवला नाही. बायोवेअरने आपली कलात्मक भूमिका सोडायला नको होती हे मला मान्य आहे. लेखकाने लोकांच्या मतदानावर शेवट बदलावा, या मताचा मी नाही. पण ज्यांनी फाइल जपली त्यांचंही काही देणं लागत होतं.

२१ मार्चला बायोवेअरचे सहसंस्थापक रे म्युझिका यांनी खेळाडूंना उद्देशून पत्र प्रसिद्ध केलं. त्यात कलाकृतीच्या सचोटीचा मान राखू असं होतं, आणि लोकांचं म्हणणं ऐकतो आहोत असंही. २६ जूनला वाढवलेला शेवट विनामूल्य आला. मूळचे तीन मार्ग तसेच राहिले. फक्त प्रत्येकापुढे त्याचे परिणाम सविस्तर आले, साथीदारांचं काय झालं ते आलं. त्याचबरोबर एक चौथी गोष्ट आली, जी मूळ खेळात नव्हती. आता शेपर्डला नाही म्हणता येत होतं. त्या मुलाशी बोलताना तिन्ही मार्ग धुडकावायचे, किंवा सरळ त्याच्यावर गोळी झाडायची. मग मुलाचा आवाज बदलतो, शत्रूयंत्रं थांबत नाहीत, आणि शेपर्डच्या बाजूचे सगळे हरतात. पुढे केव्हातरी, दुसऱ्याच एका युगातल्या लोकांना शेपर्डची साथीदार लिआरा हिने मागे ठेवलेला संदेश सापडतो, आणि जिंकतात ते.

कित्येकांनी हा चौथा शेवट म्हणजे लेखकांनी रागाने मारलेली चपराक मानली. मला तो त्या मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक शेवट वाटतो. इथे खेळाडू स्वतः नकार देतो, परिणाम त्याच्या अंगावर येतो, आणि दिलासा म्हणून कुठलाही रंग मिळत नाही.